रीनाच्या प्रयोगातली चूक

केशोरीहून गोंदियाला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या.

"अन्नपूर्णाबाई, पोरीसंग कुठं जाऊन राहिल्या?"

"जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात. यंदा खेड्यातल्या शाळाही घेतल्या. रीनानं धानाचे दोन डबे ठेवले होते. एकात कडुनिंबाचा पाला, दुसऱ्यात नाही. कीड कोणत्यात लागते, ते पाहाचं होतं."

"मग?"

"मले त्या दुसऱ्या डब्याची कीव आली. त्यातही पाला टाकला."

"प्रयोग बुडवला म्हना."

"पोरगी दिवसभर जेवली नाही. सर म्हणाले, घडलं तसंच लिही अन् पुन्हा कर. म्हणून तर निवडली. त्यायचे मोठे उपकार."

"पण तुमाले कायले नेऊन राहिली?"

"वहीत लिहिलं आहे ना, चुकीचं कारण : आई. परीक्षकानं विचारलं, तर दाखवाले."