देवीच्या टेकडीला आपण तिघं

...अहो, बेसो ने सलीलराव, बसा जरा, बॅग काही पळून जात नाही! देवश्रीच्या साड्या आहेत सगळ्या, मीच भरून ठेवल्यात. खाली स्कूटरपाशी थांबलीय ना ती? थांबू दे दोन मिनिटं. तर काय सांगत होते — हां, टेकडी. रात्रीची गाडी धरायची, पहाटे पनवेल, तिथून जीपनं श्रीवर्धन. समुद्र दिसला तरी तिकडे वळायचं नाही — आधी टेकडी, आमची देवी वर बसलीय ना! ऊन तापायच्या आत निम्मी वाट व्हायला हवी. थेपले मी करीन, कैरीचा छुंदो घरचा आहे. पाणी मात्र तुम्ही उचला, माझ्यानं आता होत नाही. आणि देवश्रीला मधूनमधून पाणी द्यावं लागतं बरं का, ती मागायची नाही — चढते भराभर, उतरताना मात्र घाबरते. उतरताना तिच्या पुढे राहायचं. शुभंकर पुढे राहायचा.

हो, घेते मी त्याचं नाव. माझा मुलगा होता, तुमच्या बायकोचा पहिला नवरा होता, नाव घ्यायचं नाही म्हणजे काय? तापाचं निमित्त झालं नि गेला. त्यानंतरही दर पौषात आम्ही दोघी जात राहिलो, सासू नि सून. देवीची ओटी भरायची, पण भरणार कोण — मीही विधवा, तीही! म्हणून खण-नारळ घेऊन पायरीवर बसायचं आणि येणाऱ्या एखाद्या सवाष्णीला म्हणायचं, ताई, देवीची एवढी ओटी भरता का आमच्या वतीनं? एकदा दुपारपर्यंत कुणी फिरकलंच नाही. थेपले संपले, नारळ मांडीवर, आणि देवश्रीला हसू आवरेना — मग मलाही. शुभंकर गेल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, खरं सांगते. शेवटी ताकवाली बाई वर आली, तिनं भरली.

यंदा कुणाला शोधायला नको. यंदा देवश्री स्वतःच भरेल. म्हणून तर म्हटलं, तिघं जाऊ. तुमची कुलदेवी वेगळी, ठाऊक आहे मला, आता तिचीही तीच. पण एका दिवसानं काय बिघडतं? नाहीतरी हे लग्न मीच जमवलं ना — माझ्या दिरांनी बोलणं टाकलं, मांजलपुरातल्या या सोसायटीत बायका कुजबुजल्या, मी म्हटलं, पोर एकटी राहायची नाही! आणि नाही राहिली. छान झालं. संध्याकाळी घर खायला उठतं तेवढंच. परवा दोन माणसांची खिचडी टाकली, मग तीच दुसऱ्या दिवशी...

तुम्ही विचारलंत ना तिला? काय म्हणाली? — मान का खाली घालताय, सलीलराव? — नको म्हणाली? आत्ता नको, की कधीच नको? — अच्छा. म्हणून वर आली नाही होय. नाही, नाही, हाक मारू नका तिला, मुळीच नको. बरोबर आहे तिचं. ती इतकी वर्षं माझ्यासाठी, जिवावर येत असतानाही, ती टेकडी चढत होती, आणि मला वाटायचं, मी तिला नेतेय.

उचला बॅग. दार ओढून घ्या जाताना, मी उठत नाही.