आधी चहा घ्या

—नाही हो आबा, वशिला कशाचा, वशिला असता तर बँकेत नसते का लागले मी — इथं शिकायलाच आले होते, कॉलेजकडून, इंटर्नशिप म्हणतात ना, तुमची नात शोधतेय तीच. मोहिनी ना नाव? बसा, टेकून बसा. तुमच्या मुलानं, योगेंद्रभाऊंनी साक्री सोडली, आत्ताच बोलले मी त्यांच्याशी, येतील तासाभरात. आजींजवळ सिस्टर आहेत आत. हा चहा घ्या, बिस्कीट पण घ्या, सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या — नाहीच ना, वाटलंच मला. घ्या, मी बोलते तोवर.

तर मोहिनीचं. मी असोद्याची, जळगावजवळचं असोदा, घरची केळी, नि जळगावला समाजकार्य शिकत होते. शेवटच्या वर्षाला दोन महिने कुठंतरी काम करून यायचं असतं. मैत्रिणीला साखर कारखाना मिळाला, मला धुळ्याचं हे हॉस्पिटल. देवपूरला खोली केली. काम काय, तर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं — रक्त कुठून आणायचं, योजनेत बसतं का, जेवण कुठं मिळतं, बठ्ठं, सगळं सांगायचं. दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, मला ऑपरेशनला जायचंय, त्या बाहेरच्या माणसाला तू सांगून ये. काय सांगायचं? तर त्याची बायको गेली, ते. गेले मी. एका वाक्यात सांगितलं, कारण दुसरं वाक्य तोंडातून निघेचना — घाबरून थिजले होते आबा. तो म्हणे, मंग आते काय करानं, ताई? नि मी तशीच उभी. डॉक्टरांनी दारातून पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, पोरगी खंबीर आहे, रडत नाही, तिला जमतं. झालं. तिथून पुढं जो तो, दिपमालाला पाठवा, तिला जमतं. दोन महिने संपले तर मोठे डॉक्टर म्हणाले, रिझल्ट लागला की ये. अर्ज नाही, मुलाखत नाही. चौदा वर्षं झाली त्याला. लग्न झालं, मुलगा झाला, नोकरी तीच. सांगा मोहिनीला, अशी लागते नोकरी. एकदा जमतं म्हणाले की माणूस तिथंच राहतो. पण इथं नका हो लावू तिला, कारखान्यात बघा, बँकेत बघा.

त्रास? नाही, त्रास नाही होत. आधी व्हायचा, खोलीवर जाऊन रडायचे, आता जेवते, टीव्ही बघते, झोप लागते. दात काढताना सुई देतात ना, गाल आपलाच असतो पण हात लावला तर कळत नाही — तसं. माझे वडील गेले तेव्हा भावाचा फोन आला, योगराजचा. आपल्याकडे सांगतात तसं म्हणाला, आप्पा सिरियस आहेत, लवकर निघ. मी विचारलं, किती वाजता गेले? तर तो म्हणाला, ताई, मला निदान सांगू तरी द्यायचं होतंस. अजून धड बोलत नाही माझ्याशी. आणि मी काय केलं माहितीये? फोन ठेवला नि गॅसवर चहा ठेवला. प्यायले, उभ्यानं दोन पोळ्या खाल्ल्या, मग जळगावची एसटी पकडली. कारण मला माहीत ना, घरात पाऊल टाकलं की चूल पेटायची नाही, सोयरे कडू घास घेऊन येतील तोवर पोटात काही जायचं नाही. तो पहिला माणूस, बायको गेलेला, आदल्या दिवसापासून उपाशी होता हो, मी त्याला तसंच सांगून टाकलं, नि तो स्मशानात चक्कर येऊन पडला. तेव्हापासून माझं ठरलेलं, आधी चहा-बिस्कीट, पोटात काही गेलं की मग सांगायचं. ते कँटीनचे भटूभाऊ बघा, मी चहा सांगितला की आता पैसे पण घेत नाहीत, कोणासाठी म्हणून विचारत नाहीत, खाली मान घालून कप ठेवतात नि—

नाही, म्हणजे — सगळ्यांनाच देते मी चहा, आबा. येईल त्याला देते.

कप का ठेवलात?

आबा, माझ्याकडे बघा. योगेंद्रभाऊ येऊ द्या की, मग आपण—

हो.

हो आबा. मघाशीच. झोपेतच गेल्या, सिस्टरचा हात होता हातात. तेच सांगायला आले होते मी, तर तुम्ही नातीचं काढलंत, इतक्या हौसेनं विचारलंत, की — मला नाही जमलं आज.

राहू द्या भटूभाऊ. कप उचलू नका, अर्धा चहा आहे त्यात.