टॉप गिअरला किती पळेल?

हॅलो?… हॅलो, लाला? अरे जोरात बोल, वसतिगृहाच्या गच्चीवर आहे मी. इथे दर्गईत आज वारा सुटलाय नुसता… हो, शाळा सुटली मघाशीच. उद्या रविवार… बोल ना. आवाज का असा तुझा?

…काय? गाडी येत नाही? म्हणजे आजची, मधमाश्यांच्या पेट्या न्यायची?… गिअरबॉक्स गेला? आत्ता सांगतोय तो, दुपारी तीनला? आठवडा झाला ठरवून!… बरं, बरं, ओरडू नकोस, मी का मोडलाय त्याचा गिअरबॉक्स?

मग दुसरी बघ… सगळ्या? अख्ख्या बटखेल्यात एक ट्रक नाही?… हं. कांद्याचे दिवस. खरंय.

अरे, कमरुद्दीन काकांना सांगून बघ ना, अजून एक दिवस… हो. हो रे, माहितीय मला, आधीच दोन दिवस थांबलेत बिचारे. त्यांचे टोमॅटो अळीने खाल्लेत, ते तरी किती थांबतील? सांगायला घरी आले, हेच खूप… उद्या उजाडताच फवारणार. म्हणजे सकाळी आपल्या माश्या उडाल्या की… नको. नको, बोलूच नकोस ते. एकशे ऐंशी पेट्या, लाला!

…आणि कोंडून ठेवल्या तर? दिवसभर?… हो, उकाड्याने गुदमरतील. मग आज रात्रीच हलवायला हव्यात. तिकडे तलागंगला बोरीला फुलोराही आलाय ना?… कालपासून. बघ.

लाला, एक बोलू? चिडणार नाहीस?… बाबांचा ट्रक.

…हसून झालं?… झालं का? मग ऐक. रोज सकाळी बाबा इंजिन चालू करतात की नाही? आई सांगते मला, ट्रक चालवणं सोडल्यापासून दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही… धूर करतो तर करू दे, तूही करतोस… टायर गेल्या ईदला बदललेत. ब्रेक?… तू स्वतः बघितलेस? मग झालं तर.

…थांब. चाळीसच्या वर जात नाही, हे कोणी सांगितलं तुला?… अरे, चित्रालच्या रस्त्यावर नाही जात! तिथे कोणाचा जातो? तीस वर्षं बाबांनी तो डोंगरातच चालवला. सपाट रस्त्यावर किती जातो, बघितलंय कोणी?… काटा कसा दाखवेल, मी सहावीत असताना बंद पडलाय तो. उभ्या गाडीलाही वीस दाखवतो.

बाबा काय म्हणतात?… साठ? तू म्हणतोस चाळीस आणि ते म्हणतात साठ. मग भांडताय कशाला दोघं? मोजा की!

…अरे, पळवून नाही. उभ्या उभ्या मोजता येतं. नववीच्या पोरी करतील. इंजिन मिनिटाला किती फिरतं, त्यातले मागच्या चाकापर्यंत किती फेरे पोचतात आणि चाक एका फेऱ्यात किती रस्ता कापतं. झालं. जा गाडीपाशी. फोन ठेवू नकोस, घेऊन जा… हो, हो, आहे मी. वही घेतली.

…पोचलास? पहिलं, स्टीअरिंगखाली पितळेची एक पट्टी आहे बघ. धूळ पूस… कशानेही पूस, बाहीने पूस!… जास्तीत जास्त फेरे… चोवीसशे. नक्की? चष्मा लाव… बरं, चोवीसशे. आणि टॉप गिअरला सरळ, एकास एक?… बाबा म्हणतात हो. मग हो.

आता टायर. एक दोरी घे, टायरभोवती गुंडाळ, मग आईच्या टेपने मोज… सलाम, आई! हो, जेवले… हो, भेंडीच होती… आई, नंतर, टेप दे त्याला!… तीन मीटर वीस? मी तीन-दहा धरते. वजनाने खाली दबतो ना तो.

आता मागचं एक चाक जॅकवर घे. आधी बाकीच्या चाकांना दगड लाव. न्यूट्रल कर. गिअरबॉक्सकडून मागे येतो ना लांब शाफ्ट, त्याच्यावर खडूने रेघ मार. चाकावरही मार… मग कोणीतरी चाक हाताने फिरवायचं आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं… बाबा खाली शिरले? अरे सत्तर वर्षांचे आहेत ते! थांबव… बरं. नसतील ऐकत तर राहू दे. चटई तरी टाक खाली.

…किती?… साडेतीन आणि थोडं वर. तीन पूर्णांक सहा धरते. हं. चोवीसशे भागिले… गुणिले… साठ…

लाला.

एकशे चोवीस येतंय.

…मी काय करू, गणित म्हणतंय एकशे चोवीस!… कोण हसतंय एवढं?… बाबा? गाडीखालून?… हसू दे. अरे, हसू दे त्यांना, किती दिवसांनी ऐकतेय मी… पण चूक कुठे झाली? थांब जरा, दोघंही गप्प बसा.

एकच चाक उचललंयत ना? दुसरं जमिनीवर आहे?… मग तेच! एक चाक अडलेलं असलं की दुसरं दुप्पट फिरतं. म्हणजे दोन फेरे द्यायला हवेत, एक नाही. मुलींना असं लिहिलं तर मी शून्य देते… फिरव पुन्हा. दोन पूर्ण. बाबांना म्हण, नीट मोजा, सावकाश…

…सात… आणि वर किती? पाव?… पावाला थोडं कमी. सात पूर्णांक दोन. चोवीसशे भागिले सात पूर्णांक दोन… तीनशे तेहतीस… गुणिले तीन-दहा… एक हजार तेहतीस मीटर मिनिटाला… तासाला…

बासष्ट.

…बासष्ट, लाला. बाबा साठ म्हणाले होते… काय झालं? बोल ना. रडतोयस की काय?… नाही, नाही, खडूची धूळच असेल.

आता ऐक, बासष्टने रात्रभर नाही पळवायचा. म्हातारं इंजिन आहे, दम राखून चालवा. अठराशे फेरे धरू… तासाला साडेशेहेचाळीस किलोमीटर. नऊला भरून निघालात, मलाकंडचा उतार सावकाश उतरलात, दहाला खाली दर्गईत. तिथून अडीचशे किलोमीटर, साडेपाच तास. चढ, पाणी, बाबांचा चहा, धर दीड तास… पाच वाजता तलागंग. सहाला ऊन. तासभर हातात आहे, लाला! अंधारात उतरवशील पेट्या.

…चालवणार कोण म्हणजे? तो ट्रक तुझं ऐकतो तरी का?… बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायला परवानगी दिलीय, कागद तूच आणलास… घाबरतोस, ते मला कळतं. मीही घाबरतेय. पण दोन वर्षांत आपण त्यांना एक गोष्ट विचारलेली नाही रे. औषध घेतलं का, एवढंच विचारतो… मग विचार ना. आत्ता विचार. मी थांबते.

…

…काय म्हणाले?… फोन मागतायत? दे.

सलाम, बाबा… हो. बासष्ट… तुमचंच बरोबर होतं… नाही बाबा, बासष्टने नाही न्यायचा. साडेशेहेचाळीस… तुम्ही… मला विचारताय? कसं कळणार म्हणून?… हो, काटा नाही, खरंच. थांबा…

किलोमीटरचे दगड आहेत ना रस्त्याला? एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सत्त्याहत्तर सेकंद. सत्तर झाले तर पाय थोडा उचलायचा, पंच्याऐंशी झाले तर थोडा दाबायचा… नाही, तुम्ही नाही मोजायचं, तुम्ही रस्ता बघायचा. लाला मोजेल… झोपतो? हो, झोपतो खरा. पाळण्यात बसल्यासारखा झोपतो गाडीत.

…मी?

…बाबा, मी कधी बसलेय का त्या ट्रकमध्ये? लहानपणी पायरीवरसुद्धा चढू दिलं नाहीत… हो… हो, ऐकतेय… उद्या सुट्टीच आहे. पण आई काय म्हणेल?… आईच म्हणाली? शाल घे म्हणाली?

…येते. येते, बाबा. घड्याळ आहे माझ्याकडे, सेकंदकाट्याचं… फाटकाशी नको, वॉर्डनबाईंना सांगून मी पेट्रोल पंपापाशी येते, तिथे उजेड असतो… मध्ये? नाही, मध्ये लालाला बसवा. मला खिडकी हवी. दगड दिसायला नकोत का?…

हो… हो बाबा, दहाला… नाही, तुम्ही नका थांबू माझ्यासाठी. मी आधीच येऊन उभी असेन… हॅलो?… बाबा?

ठेवला वाटतं.