पिवळा गाल

फ्रेमच्या दुकानात माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते. काउंटरवर त्यांच्या आईचं रंगवलेलं चित्र होतं.

"ताई, मामानं आईला अगदी कडेला का बसवलंय गं? अर्धं चित्र नुसती भिंत! तेवढी कापून घेऊ."

"आधी नीट बघ तरी."

"बघतोय की. आई हुबेहूब आहे, पण हा एकच गाल एवढा पिवळा? कावीळ झाल्यासारखा!"

"दुसरा बघ, कसा फिका, निळसर. ऊब आहे ती या एकाच गालाला."

"पण भिंत राखाडी, शाल निळी. मग पिवळं आलं कुठून?"

"त्या रिकाम्या बाजूनं. तिथे उन्हात कोणीतरी पिवळं घालून उभं होतं, त्याची झाक पडलीय."

"कोण?"

"नोकरीसाठी निघालास तेव्हा कुठला स्वेटर घातला होतास?"

"आईनं विणलेला... थांब, म्हणजे तो मी? ती माझ्याकडे बघतेय?"

"मग कोणाकडे?"

"मग मामानं मला का नाही काढलं?"

"काढणार होता रे. आधी आईला घेतलं. तुझी पाळी येईपर्यंत तू थांबलास कुठे?"