बांधापलीकडची शिफारस

आमच्या दगाकाकांच्या बंदुकीचं काय झालं, विचारता? अहो, अर्ज अजून फिरतोच आहे. शहाद्याकडे त्यांची केळी आहे, रानडुकरं फार नासधूस करतात, म्हणून परवाना मागितलाय. मध्ये एक पोलीस चौकशीला आला आणि नेमका शेजारच्या भिलाआबांकडे गेला. बांधाच्या भांडणावरून या दोघांची बोलचाल कधीचीच बंद. काका म्हणाले, गेली आता बंदूक. पण आबांनी सांगितलं, "माणूस एक नंबर शे, साहेब."

हे कळल्यावर काकांना राहवेना. पहिल्यांदाच बांध ओलांडून गेले आणि विचारलं, "तू मन्हाबद्दल चांगलं कसं काय सांगं?"

आबा म्हणाले, "मी वाईट सांगतू, आनि तरीबी तुले बंदूक भेटती, मंग?"