पॉइंट सात व्होल्ट

लेक : थांबा बाबा. पाचाला थेट त्रेचाळीस हजारांनी कसं काय भागलंत?

बाबा : मग काय करायचं? पुरवठा पाच व्होल्टचा, बेसला रेझिस्टर त्रेचाळीस किलोओहमचा. करंट आला एकशे सोळा मायक्रोॲम्प. लिहून घे.

लेक : आणि बेस-एमिटरमध्ये पडणारे पॉइंट सात व्होल्ट? ते आधी कोण वजा करणार?

बाबा : अरेच्चा! राहिलंच की.

लेक : राहिलंच? जन्मभर पोरांना ट्रान्झिस्टर शिकवलात. मी हेच विसरले तेव्हा भर वर्गात उभं केलं होतंत, स्वतःच्या मुलीला!

बाबा : वय झालं गं आता.

लेक : मागच्या फोनला एमिटरच्या करंटमध्ये बेसचा मिळवायला विसरलात. त्याच्या आधी बीटाने गुणायचं सोडून भागलंत. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. गुरुवारी येते, आपण जाऊन येऊ.

बाबा : डॉक्टर कशाला? डोकं ठणठणीत आहे माझं.

लेक : आईसुद्धा हेच म्हणायची. तिचंही विणताना टाके चुकण्यापासूनच सुरू झालं होतं ना? शेवटी मला ओळखेना.

बाबा : अगं, नाही नाही. तसलं काही नाही. मी... मुद्दाम चुकतो.

लेक : मुद्दाम?

बाबा : उत्तर बरोबर आलं की तू म्हणतेस, ‘बरोबर आहे, ठेवते.’ चुकलं की पहिल्यापासून समजावत बसतेस. तेवढंच बोलणं होतं. ती गेल्यापासून घर खायला उठतं.

लेक : बाबा! इथे माझा जीव टांगणीला लागलाय. झोप उडालीय माझी!

बाबा : तुला आई आठवेल, हे सुचलंच नाही गं मला. चुकलं माझं. हे मात्र खरोखरचं.

लेक : मला नाही पटत. आत्ता सोडवा. तोंडी.

बाबा : पाचातून पॉइंट सात गेले, राहिले चार पॉइंट तीन. त्याला त्रेचाळीस हजारांनी भाग. बेसमध्ये शंभर मायक्रोॲम्प. बीटा शंभर, म्हणून कलेक्टरमध्ये त्याच्या शंभरपट, दहा मिलीॲम्प. दोन्ही मिळून एमिटरमध्ये दहा पॉइंट एक.

लेक : बरोबर आहे.

बाबा : हं. मग... ठेवतेस?

लेक : नाही. फोन स्पीकरवर टाका आणि ताट वाढून घ्या. मीही घेते. इथे मीसुद्धा रोज एकटीच जेवते, बाबा.