शिंप्याचा स्नायू

(वॉर्डातली खिडकीजवळची खाट. खाटेवर म्हातारे टेलरमास्तर, डावं पाऊल पट्टीत गुंडाळलेलं. शेजारी त्यांची लेक. समोर तरुण डॉक्टरीणबाई, हातात ऑपरेशनचं संमतीपत्र.)

मास्तर: आता हा तिसरा शब्द. ह्याचा अर्थ सांगा, मग पुढं.

लेक: बाबा, अहो सकाळपासून दुसऱ्यांदा आल्यात त्या. त्यांना काय तुम्ही एकटेच पेशंट आहात?

मास्तर: चाळीस वर्षं कात्री चालवली. गिऱ्हाईकाला दोनदा विचारल्याशिवाय कापडाला लावली नाही कधी. इथं तर कापड मीच आहे. बोला बाई. गँगरीन म्हणजे?

डॉक्टर: रक्त पोचेनासं झालं की तो भाग मरतो, ते गँगरीन. शब्द ग्रीक आहे, फार जुना. कुरतडत जाणारी जखम, असा मूळ अर्थ.

मास्तर: म्हणजे कपड्याला कसर लागते तसं.

डॉक्टर: हो, तसंच. अंगठ्याला लागली, आता घोट्यापर्यंत आलीय.

मास्तर: आणि हा? ॲम्प्युटेशन?

डॉक्टर: तो लॅटिन. माळी झाडाच्या फांद्या छाटतो ना, तिथून आलाय.

मास्तर: माळ्याचा शब्द आणि शिंप्याचा पाय! आमच्या धंद्यातलं काही सापडलं नाही का तुमच्या लोकांना?

डॉक्टर: सापडलंय की. चांगला पाय वळवा जरा, मांडी घातल्यासारखा. हं. हे कमरेचं हाड. इथून एक स्नायू निघतो, मांडीवरून तिरका उतरत येतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूनं, जरासा खाली जाऊन चिकटतो. अंगातला सगळ्यात लांब स्नायू. नाव सार्टोरियस. शिंप्याचा स्नायू.

मास्तर: थट्टा करताय म्हाताऱ्याची.

डॉक्टर: पहिल्या वर्षी घोकलंय मी. मांडी घालताना पाय वळवायला हाच कामाला येतो. शिंपी तसे बसून शिवायचे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

मास्तर: तिरका उतरतो म्हणता. आमच्यात तिरक्या कापाला उरेब कट म्हणतात. बघ गं, तुझ्या बापाच्या मांडीत उरेब पट्टी आहे, आणि हे मला आज कळतंय.

लेक: तुम्हाला हसू येतंय? मला दोन दिवस झोप नाही.

डॉक्टर: मास्तर, ऐका. आज घेतलं तर गुडघ्याच्या खाली कापता येईल. हा स्नायू शाबूत राहील, गुडघा राहील, पुढं कृत्रिम पाय बसवणंही सोपं. कसर वर सरकली तर मांडीत कापावं लागेल, आणि हा मधोमध तुटेल. उद्याची खात्री मी देत नाही.

लेक: ऐकलंत ना? करा सही.

मास्तर: एक शब्द राहिलाय अजून. ह्या कागदावर नाही तो. तिथं शर्टाच्या खिशात पाकीट आहे, त्यात घडी आहे बघ.

लेक: बाबा, हा आईचा कागद आहे. हा कशाला आत्ता?

मास्तर: बाईंच्या हातात दे.

डॉक्टर: तीस वर्षांपूर्वीचा आहे हा.

मास्तर: मृत्यूचं कारण लिहिलंय, ते वाचा.

डॉक्टर: अपेंडिक्स फुटल्यामुळे सेप्सिस.

लेक: ऑपरेशनमध्ये मारलं तिला. मी नऊ वर्षांची होते. म्हणून तर हे हॉस्पिटलची पायरी चढत नाहीत. मीच ओढून आणलं ह्या खेपेला.

मास्तर: अर्थ सांगा, बाई.

डॉक्टर: मूळ अर्थ कुजणं. म्हणजे जंतू रक्तातून अंगभर पसरतात, शरीराला ते झेपत नाही.

मास्तर: कापल्यानं होतं, की वेळेवर न कापल्यानं?

डॉक्टर: एवढ्या कागदावरून मी कसं सांगू?

मास्तर: पोटात दुखायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी आणलं असेल तर?

डॉक्टर: तर मग... बहुतेक उशिरानं. हॉस्पिटलात आणलं तेव्हाच फुटलेलं असणार.

लेक: तिसऱ्या दिवशी कसं? त्याच दिवशी सकाळी दुखायला लागलं म्हणाला होतात तुम्ही.

मास्तर: शाळा उघडायच्या होत्या. साठ गणवेशांचं काम अंगावर होतं, आणि बटणांची काजं सगळी तीच करायची. सोमवारी म्हणाली, दुखतंय. म्हटलं, गरम पाण्यानं शेक, उद्या जाऊ. मंगळवारीही मी उद्याच म्हटलं. तिनं कण्हत कण्हत काजं पुरी केली गं. बुधवारी उभं राहवेना तिला. डॉक्टरांनी सही मागितली, मी तिथल्या तिथं दिली. त्यांनी काही कमी केलं नाही. मग तू विचारलंस, आई कशानं गेली. मी म्हणालो, त्यांनी कापलं म्हणून. तोंडातून निघून गेलं, आणि परत घ्यायची हिंमत झाली नाही.

लेक: तीस वर्षं?

मास्तर: तीस वर्षं.

लेक: माझं सिझेरियन करायचं म्हणाले, तेव्हा मी चार तास सही केली नाही. भीतीनं. बाळ निळं पडलं होतं बाबा, बाहेर काढलं तेव्हा. तुम्ही हॉस्पिटलच्या दारात बसला होतात.

मास्तर: होतो.

लेक: तेव्हाही तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही?

मास्तर: वाटलं. नाही बोललो. भित्रा आहे मी. आज सही करून आत गेलो आणि तिथंच आटोपलो, तर तू परत तेच म्हणशील, ह्यांनी मारलं. तुझ्या पोरीलाही तेच सांगशील. ही शिवण मीच घातलीय, मलाच उसवायला हवी होती. शब्दांचे अर्थ विचारत नुसता वेळ काढत होतो, धीर होईना म्हणून.

डॉक्टर: मी... थोड्या वेळानं येते.

लेक: नको, थांबा. वेळ नाही म्हणालात ना तुम्ही? बाबा, मला तुमच्याशी आत्ता एक शब्द बोलायचा नाही. पण सही करा.

मास्तर: तू अशी रागावलेली असताना मी आत कसा जाऊ?

लेक: तसेच जा. राग काही लगेच जायचा नाही माझा. घरी या, मग काय ते भांडू. उद्या उद्या करत आईला घालवलंत. आता नको.

मास्तर: पेन द्या, बाई.

डॉक्टर: इथं... हं. खाली साक्षीदाराची सही लागते. कुणाचीही चालते. बाहेर सिस्टर आहेत, त्यांना बोलावते.

लेक: कशाला? द्या इकडे.

डॉक्टर: तिथं शेवटी पेशंटशी नातं लिहायचं—

लेक: दिसलं मला. मुलगी.